मोठा बदल, एडीएचडी आणि नैराश्य: नेमकं कोसळतं काय?

लातुरात बारावीपर्यंत उत्तम मार्क मिळवणारा एखादा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला जातो आणि पहिल्याच वर्षी तीन विषयांत केटी घेऊन सुट्टीला घरी येतो. दिवसभर झोपून राहतो, मित्रांचे फोन उचलत नाही, जेवायला चार हाका माराव्या लागतात. घरात तर्क सुरू होतात: मोबाईलचं वेड, वाईट संगत, प्रेमप्रकरण. एखादी समंजस आत्या म्हणते, "अरे, घरची आठवण येत असेल."

यातलं काहीही खरं असू शकतं. पण आणखी एक शक्यता असते आणि ती कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण मुलगा हुशार आहे. त्याला लहानपणापासून एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणारा, मेंदूच्या जडणघडणीतला विकार) असेल, तो इतकी वर्षं झाकला गेला असेल, आणि आता त्यावर नैराश्याची भर पडली असेल.

बारावीच्या दोन वर्षांतला त्याचा दिवस डोळ्यांसमोर आणून पाहा. पहाटे आई उठवायची. डबा भरलेला मिळायचा. क्लासची वेळ ठरलेली, रविवारी टेस्ट ठरलेली, निकाल दोन दिवसांत हातात. एक दिवस दांडी मारली की वडिलांच्या मोबाईलवर मेसेज. या मुलाला स्वतःहून काही सुरू करावं लागत नव्हतं. अभ्यास तोच करत होता, पण कधी करायचा, किती करायचा, कुठे थांबायचं, हे सगळं बाहेरून ठरत होतं. हॉस्टेलवर परीक्षा चार महिन्यांवर असते, उठवायला कुणी नसतं, आणि लेक्चर बुडवलं तर लगेच काही बिघडत नाही. बुद्धी तीच राहिली. बाहेरची चौकट मात्र एका रात्रीत गेली.

एडीएचडी म्हणजे नुसतं लक्ष न लागणं नव्हे

एडीएचडी म्हटलं की वर्गात बाकावरून उड्या मारणारा मुलगा आठवतो. मोठ्या माणसात ही वळवळ बहुतेक वेळा आत गेलेली असते: डोक्यात अखंड चाललेली गडबड, एका जागी बसल्यावर होणारी घुसमट, समोरच्याचं वाक्य पूर्ण होण्याआधी तोंडातून निघून गेलेलं उत्तर. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली अनेक वर्षं सांगत आले आहेत की लक्ष हा या विकाराचा फक्त दर्शनी भाग आहे. मूळ अडचण स्वतःला चालवण्यात असते. काय करायचं ते माणसाला पक्कं माहीत असतं. ते ठरल्या वेळी सुरू करणं, मध्ये न सोडणं आणि पुढच्या महिन्यातली गोष्ट आज खरी वाटणं, हे जमत नाही. वेळेचे त्याच्यासाठी दोनच भाग असतात: 'आत्ता' आणि 'नंतर कधीतरी'. लाइट बिलाची शेवटची तारीख 'आत्ता'मध्ये येईपर्यंत तिला अस्तित्वच नसतं.

हा विकार मोठेपणी नव्याने होत नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली काढलेल्या डीएसएम-५ या निदानाच्या निकषांनुसार काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून तो ७० टक्क्यांच्या वर येतो. म्हणजे 'मोबाईलमुळे एडीएचडी झाला' हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य बरोबर नाही. (मोबाईलमुळे लक्ष विस्कटतं, हे खरं. ती निराळी गोष्ट.) पण दिसलेली असणं आणि कुणी ओळखलेली असणं यात फरक आहे. घर शिस्तीचं, बुद्धी चांगली, शाळा लहान, आई जागरूक, असं जमून आलं की लक्षणं वीस-वीस वर्षं कुणाच्या नजरेत भरत नाहीत. मुलींच्या बाबतीत तर फारच. खिडकीबाहेर बघत बसलेल्या मुलीचा बाईंना त्रास होत नाही, म्हणून तिच्याबद्दल तक्रारही येत नाही.

नैराश्य ही वेगळी गोष्ट. सलग दोन आठवडे जवळपास रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहणं किंवा कशातच रस न उरणं, आणि त्यासोबत झोप, भूक, ताकद, एकाग्रता, स्वतःबद्दलचं मत, हालचालींचा वेग, मरणाचे विचार अशा बाबींत बदल होणं, असं त्याचं चित्र असतं. एडीएचडी असलेल्यांत ते जास्त आढळतं. रोनाल्ड केसलर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली अमेरिकेतल्या देशव्यापी पाहणीतून काढलेले आकडे असे: एडीएचडी असलेल्या प्रौढांपैकी सुमारे १९ टक्क्यांना त्या एका वर्षात नैराश्याचा विकार झालेला होता, इतरांत हे प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास. सौम्य पण वर्षानुवर्षं रेंगाळणाऱ्या उदासीचं अंतर तर आणखी मोठं, जवळपास १३ टक्के विरुद्ध २ टक्के.

यामागे काही कारणं जन्मजात आहेत. दोन्ही विकारांच्या आनुवंशिक जोखमीचा काही भाग सामाईक आहे. काही कारणं लहानपणापासून साचत आलेली. 'डोकं आहे पण वापरत नाही', 'आळशी', 'बेजबाबदार' हे दिवसाला दोनदा ऐकत मोठं झालेल्या माणसाला ते शेवटी स्वतःचंच मत वाटू लागतं. पण बऱ्याचदा हा साठा वर्षानुवर्षं पडून असतो आणि एखाद्या मोठ्या बदलाने भडकतो. तो का, हा या लेखाचा खरा प्रश्न.

आनंदाच्या बदलालाही गुण का दिले?

थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांची एक यादी प्रसिद्ध केली आणि प्रत्येक घटनेला ताणाचे गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, नोकरीवरून काढलं जाणं ४७. यात गंमत अशी की लग्नाला ५० गुण होते, म्हणजे नोकरी जाण्यापेक्षा जास्त. आणि एखादं मोठं वैयक्तिक यश मिळण्याला २८, म्हणजे घर बदलण्यापेक्षा जास्त. १९८४ मध्ये गुरमीत सिंग आणि सहकाऱ्यांनी भारतीयांसाठी अशीच ५१ घटनांची यादी केली. तीत मुलीचं किंवा आपल्यावर अवलंबून असलेल्या बहिणीचं लग्न हीसुद्धा ताणाची घटना आहे. ज्याने मुलीचं लग्न काढलंय त्याला हे संशोधनाने सांगायची गरज नाही.

या याद्यांचे गुण आज कुणी जसेच्या तसे घेत नाही, पण त्यामागचा विचार टिकून आहे. ताण फक्त दुःखाचा नसतो, नव्याने जुळवून घेण्याचाही असतो. हे जुळवून घेणं म्हणजे काय, तर आपोआप होणारी शेकडो कामं पुन्हा विचार करून करावी लागणं. किल्ल्या कुठे ठेवायच्या, ऑफिसला कितीला निघायचं, दूध कोण आणणार, धुणं कधी, औषध कशानंतर. बहुतेकांच्या नव्या घरात या सवयी महिन्याभरात बसतात. एडीएचडीच्या मेंदूला सवय लावून घेणं हेच मुळात जड जातं. आधीची घडी बसायला त्याला कदाचित पाच वर्षं लागली होती, आणि ती घडी बसवण्यात त्याचा स्वतःचा वाटा निम्माच होता. बाकी निम्मं काम आई, शाळेची घंटा, कडक साहेब, रोज साडेसातला खालून हॉर्न वाजवणारा मित्र यांनी केलं होतं.

मांडवावर चढलेली वेल उंच दिसते. मांडव काढून घेतला की ती जमिनीवर येते, आणि बघणारा म्हणतो की वेलीला रोग पडला.

इथून नैराश्यापर्यंतची वाट बहुधा एकाच क्रमाने जाते. आधी झोप सरकते. एडीएचडी असलेल्या बऱ्याच जणांचं शरीराचं घड्याळ मुळातच उशिरा धावतं. सकाळी उठवणारं कुणी नसलं की झोप रात्री दोनवर, मग चारवर जाते. झोप गेली की लक्षणं वाढतात. कामं तुंबतात. तुंबलेल्या कामाकडे बघितलं की पोटात गोळा येतो, म्हणून बघणं टाळलं जातं. ईमेल उघडले जात नाहीत, मित्राचा फोन उचलला जात नाही, कारण तो 'झालं का?' असं विचारेल. मग लाज. लाजेपायी माणसं टाळणं, आणि माणसं टाळली की आनंद देणाऱ्या उरल्यासुरल्या गोष्टीही बंद. इथपर्यंत ही फक्त एडीएचडीची घसरण असते. यापुढे नैराश्य आपल्या पायांवर उभं राहतं. मग गाव परत बदलून घरी आलं तरी ते जात नाही. आणि नैराश्य स्वतःच एकाग्रता खातं, त्यामुळे एडीएचडी आणखी डोईजड होतो.

या घसरणीत एक गोष्ट मला फार क्रूर वाटते. बदल चांगला असेल तर सहानुभूतीही मिळत नाही. बढती मिळालेल्या माणसाने 'मला जमत नाहीये' म्हणावं कुणाला? कालपर्यंत समोर आलेल्या तक्रारी झटपट सोडवणारा कर्मचारी आज सहा जणांच्या कामाचं नियोजन करतो, म्हणजे नेमकं तेच करतो जे त्याच्या मेंदूला सर्वांत अवघड जातं. वर अभिनंदनाचे पेढे वाटून झालेले असतात.

मग जबाबदारी वाढली की माणूस खचतोच का? नाही.

इतकं वाचून असं वाटेल की एडीएचडी असलेल्या माणसावर भार कमी ठेवावा, म्हणजे तो सुखी राहील. इथे संशोधनाने एक अनपेक्षित वळण घेतलं आहे. अमेरिकेत १९९०च्या दशकात सुरू झालेल्या एमटीए नावाच्या मोठ्या अभ्यासातल्या ५५८ मुलांचा सोळा वर्षं मागोवा घेतला गेला. मार्गारेट सिबली आणि सहकाऱ्यांना त्यात दिसलं की सुमारे ६४ टक्के जणांत लक्षणं कायम तशीच राहिली नाहीत, कायमची गेलीही नाहीत; ती वर्षांगणिक कमी-जास्त होत राहिली. कायमचं बरं वाटलेले फक्त ९ टक्के. पुढे २०२४ साली त्याच गटाने पाहिलं की लक्षणं जवळपास नाहीशी झालेली वर्षं कधीची होती. अपेक्षा अशी की आयुष्य निवांत असतानाची. निघालं उलट: ज्या काळात माणसांवर बाहेरून जास्त मागण्या होत्या, त्या काळात बरं असण्याची शक्यता जास्त होती.

यात कोणतं कारण आणि कोणता परिणाम हे अशा अभ्यासातून ठरत नाही. जो बरा आहे तोच जास्त जबाबदाऱ्या घेऊ शकतो, हेही शक्य आहे. तरी एडीएचडी असलेली माणसं ज्यांनी जवळून पाहिली आहेत, त्यांना हे ओळखीचं वाटेल. घरात आणीबाणी आली की हाच माणूस सगळ्यांत शांत असतो.

समजा, वडिलांना मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात हलवलंय. एरवी विजेचं बिल विसरणारा मुलगा आता रात्रभर जागून रक्ताची बाटली मिळवतो, डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारतो, इन्शुरन्सचे कागद पूर्ण करतो, काकांना स्टेशनवरून आणतो. प्रत्येक गोष्ट 'आत्ता'ची असते. पुढचं काम नर्स सांगते, बिलिंग काउंटर सांगतो. वडील जातात. अंत्यविधी, दहावा, तेरावा, प्रत्येक दिवसाला काय करायचं ते गुरुजी आणि मोठी माणसं सांगतात, घर भरलेलं असतं. नातेवाईक म्हणतात, पोरगा फार खंबीर निघाला. तेराव्यानंतर सतरंज्या गुंडाळल्या जातात, पाहुणे गावी जातात. आणि दोन-अडीच महिन्यांनी हा खंबीर माणूस अंथरुणातून उठेनासा होतो. घरच्यांना कळत नाही, 'तेव्हा तर नीट होता.'

तेव्हा त्याच्याभोवती चौकट होती. शिवाय गेलेली व्यक्तीच घराची चौकट असेल, रोज फोन करून 'गोळी घेतलीस का, भाडं भरलंस का' विचारणारी आई असेल, तर तो माणूस दोन गोष्टी एकदम गमावतो. आईचं दुःख लोकांना दिसतं. रोज रात्री नऊचा तो फोन गेल्यामुळे जे विस्कटतं, ते त्याला स्वतःलाही नीट सांगता येत नाही. उलट 'आई गेली आणि मला बिलांची पडलीय' अशी वेगळीच टोचणी लागते. म्हणून मोठ्या घटनेच्या आठवड्यात माणूस कसा वागतो यावरून फार अंदाज बांधू नये. लक्ष ठेवायचं ते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात.

लग्न, बाळ आणि चाळिशी

मुलींच्या वाट्याला आपल्याकडे एकाच दिवशी घर, गाव, माणसं, दिनक्रम आणि अपेक्षा बदलण्याचा प्रसंग येतो, त्याला आपण मंगलकार्य म्हणतो. एडीएचडी असलेल्या मुलीने माहेरी स्वतःपुरती काही युक्त्या बसवलेल्या असतात: पसारा दिसेल असाच ठेवायचा म्हणजे वस्तू सापडतात, धाकट्या बहिणीने आठवण करायची, रात्री शांत झाल्यावर काम करायचं. सासरी यातली एकही युक्ती चालत नाही. तिथे घर चालवणं म्हणजे नियोजनच: चार माणसांच्या जेवणाच्या वेळा, सणवार, कुणाच्या वाढदिवसाला काय, गॅस कधी संपणार. नोकरी सांभाळून. दूध उतू गेलं की 'वेंधळी', पाहुण्यांना फोन करायला विसरली की 'हिला माणसांची किंमत नाही'. यातून होणारं नैराश्य 'सासरी रुळली नाही' एवढ्यावर संपवलं जातं.

जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी १९७०च्या दशकात लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या ४५८ स्त्रियांचा अभ्यास केला होता. मोठा आघात झालेल्या सगळ्याच स्त्रियांना नैराश्य आलं नव्हतं. ज्यांना मनातलं मोकळं बोलायला जवळचं कुणी नव्हतं, त्यांना ते जास्त आलं. त्या अभ्यासात एडीएचडीचा विषय नव्हता. पण मैत्रिणींना स्वतःहून फोन करणं, संबंध टिकवून धरणं ही एडीएचडीत नेमकी हातून सुटणारी कामं आहेत. गाव बदललं की अशी बाई फार लवकर एकटी पडते.

बाळंतपणानंतरचा धोका आता आकड्यांतही दिसला आहे. स्वीडनमध्ये २०२३ साली लाखो बाळंतिणींच्या नोंदी तपासल्या गेल्या. एडीएचडी असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे १७ टक्क्यांना बाळंतपणानंतर नैराश्याचं निदान झालं, इतरांत ३ टक्क्यांच्या आसपास. पाचपट. झोपेचे तुकडे, संप्रेरकांची उलथापालथ आणि काही जणींनी गरोदरपणात थांबवलेली औषधं, हे तिन्ही एकदम येतं. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, चाळीस दिवस आई सगळं बघते. म्हणून अशी मुलगी बाळाला घेऊन सासरी परतल्यावर पहिले दोन महिने कसे जातात, हे विचारायला हवं. चाळिशीनंतर पाळी जाण्याच्या काळात इस्ट्रोजेन खाली-वर होतं. त्याचा डोपामाइन या लक्ष आणि प्रेरणेशी निगडित मेंदूतल्या रसायनाच्या कामाशी संबंध आहे, आणि अनेक बायका सांगतात की आजवर कसंबसं जमणारं सगळं याच वर्षांत हातातून निसटलं. या विषयावरचं संशोधन अजून कोवळं आहे. पण मुलाला एडीएचडीचं निदान झाल्यावर डॉक्टरांसमोर बसलेली आई 'हे तर सगळं माझंच वर्णन आहे' असं म्हणते, ती बहुधा याच वयाची असते.

निवृत्तीबद्दल थोडक्यात. नेदरलँड्समध्ये साठीपुढच्या लोकांची पाहणी झाली, तेव्हा २.८ टक्के जणांत एडीएचडी आढळला, आणि त्यांच्यात नैराश्याची लक्षणंही अधिक होती. चाळीस वर्षं मस्टरवर सही करायला वेळेत पोचलेला माणूस निवृत्तीनंतर सहा महिन्यांत सैरभैर होतो, तेव्हा 'वेळ जात नाही म्हणून' एवढं कारण पुरेसं नसतं.

जे बदल आपणच ओढवून घेतो

हा भाग बोलायला अवघड आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स हॅमन यांनी १९९१ मध्ये दाखवलं की नैराश्याकडे झुकणाऱ्या माणसांच्या आयुष्यात ताणाचे प्रसंग नुसते येऊन आदळत नाहीत; त्यातले काही त्यांच्या वागण्यातून तयार होतात. एडीएचडीत हे आणखी ठळक. रागाच्या भरात दिलेला राजीनामा, क्रेडिट कार्डाचं साचलेलं कर्ज, गाडीचा अपघात, एका वाक्यावरून तुटलेलं नातं. याचा अर्थ 'तुझंच चुकलं' असा काढला तर नैराश्याला खतपाणीच मिळेल. अर्थ एवढाच की अशा माणसाच्या आयुष्यात मोठे बदल मुळातच जास्त वेळा येतात, आणि प्रत्येक वेळी घडी पुन्हा शून्यापासून बसवावी लागते. एडीएचडीवर उपचार केले की बदलांची ही संख्या कमी होते, आणि नैराश्य टाळण्याचा तोही एक मार्ग आहे.

दुसरी बाजू अशी की नैराश्याचे पहिले झटके बहुधा मोठ्या घटनेनंतर येतात, पण झटके जितके वाढतात तितकी पुढच्या झटक्याला मोठ्या घटनेची गरज कमी होत जाते. म्हणून पहिल्याच वेळी नीट उपचार घेणं महत्त्वाचं.

दोन्हींतला फरक कसा ओळखायचा?

लक्ष न लागणं, अस्वस्थता, झोपेचा घोळ, कामं अर्धवट राहणं ही लक्षणं दोन्हींत आहेत. म्हणून एकाच दिवसाच्या चित्रावरून काही कळत नाही, काळ बघावा लागतो. एडीएचडी जन्माचा सोबती असतो. नैराश्याला सुरुवात असते: 'गणपतीनंतरपासून हा असा झालाय' असं घरचे सांगू शकतात.

आवडीची गोष्ट समोर ठेवून पाहिलं तरी बराच अंदाज येतो. एडीएचडीने थकलेला माणूस प्रोजेक्टला हात लावत नाही, पण मित्राने ट्रेकचं नाव काढलं की सॅक भरायला लागतो. नैराश्यात ट्रेकचंही काही वाटत नाही. पहिल्याला करायचं असतं आणि सुरू होत नाही. दुसऱ्याला करायचंच नसतं. एडीएचडीतला मूड एखाद्या टोमण्याने कोसळतो आणि संध्याकाळी चहावर परत येतो. नैराश्यातला दिवसेंदिवस हलत नाही. आणि दोन्ही एकत्र असतील तर हा फरक पुसट होतो, तिथे घरच्या घरी निष्कर्ष काढू नये. शिवाय बायपोलर विकार नाही ना, हे डॉक्टरांना औषध देण्याआधी पाहावं लागतं. उधाणलेला उत्साह, कमी झोपूनही तरतरी, असे दिवस कधी येऊन गेले असतील तर ते आवर्जून सांगावेत.

मरणाचे विचार येत असतील तर मात्र हे सगळं तपासत बसण्याची वेळ नाही. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते, मराठीतही बोलता येतं. जवळच्या जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या मनोविकार विभागात थेट गेलं तरी चालतं.

उपचारात बदलाचा विचार हवा

नैराश्य तीव्र असेल तर आधी त्यावर उपचार, नाहीतर ज्याने जास्त अडतंय त्यावर आधी, असा साधारण क्रम डॉक्टर ठेवतात. फक्त नैराश्याचं औषध चालू राहिलं आणि खालचा एडीएचडी कुणी पाहिलाच नाही, तर मन थोडं उजळतं पण कामं तुंबलेलीच राहतात, आणि तेच काही महिन्यांनी परत खाली ओढतं. स्वीडनमधल्या ३८ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून २०१६ साली असं दिसलं की एडीएचडीची औषधं घेणाऱ्यांत तीन वर्षांनंतर नैराश्याचा धोका सुमारे ४० टक्के कमी होता. नोंदींवरच्या अभ्यासाच्या मर्यादा त्यालाही आहेत, पण औषधांनी नैराश्य वाढतं या भीतीला त्यातून आधार मिळत नाही. दोन्हींची औषधं एकत्र देता येतात. मात्र काही जोड्या जपून द्याव्या लागतात. उदाहरणार्थ फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन या नैराश्याच्या औषधांसोबत एडीएचडीवरच्या अ‍ॅटोमॉक्सेटिनची रक्तातली पातळी चढते. म्हणून दोन डॉक्टर असतील तर दोघांना सगळ्या गोळ्या माहीत हव्यात.

गाव बदलताना एक फार व्यावहारिक अडचण येते. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं प्रमुख औषध भारतात शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत मोडतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते, आणि ते विकायला वेगळा परवाना लागत असल्याने कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही. म्हणजे ज्या आठवड्यात औषधाची सर्वांत जास्त गरज, त्याच आठवड्यात नवा डॉक्टर, नवं दुकान आणि नवी चिठ्ठी असं तीन टप्प्यांचं काम नेमकं त्याच माणसाला करायचं असतं. ते सामान बांधण्याआधी उरकावं, आणि घरातल्या दुसऱ्या कुणी त्यात हात लावावा. परदेशी जाणाऱ्यांनी त्या देशाचे नियम आधी पाहावेत. अमेरिकेत सर्रास लिहून दिलं जाणारं एडीएचडीचं औषध अ‍ॅडरॉल जपानमध्ये डॉक्टरची चिठ्ठी असूनही नेता येत नाही.

औषधांपलीकडचं काम म्हणजे गेलेली चौकट मुद्दाम नव्याने उभी करणं. 'स्वतःला शिस्त लाव' हा सल्ला इथे निरुपयोगी आहे. ज्याला आतून शिस्त लागत नाही त्याला ती बाहेरूनच उसनी घ्यावी लागते. पुण्यात स्पर्धा परीक्षेची मुलं महिन्याचे पैसे भरून अभ्यासिकेत बसतात. खोलीवर टेबल असूनही बसतात, कारण शेजारी चार जण मान खाली घालून वाचत असले की आपलंही पुस्तक उघडतं. एडीएचडीसाठी ही युक्ती अचूक आहे, आणि ती ऑफिसच्या कामाला, कर भरायला, अगदी कपाट आवरायलाही लागू पडते. उठण्याची एक वेळ आणि सकाळी बाहेर उन्हात नेणारं एक काम, एवढं पहिल्या आठवड्यात बसलं तरी झोप घसरण्याचा वेग कमी होतो. जुन्या दिनक्रमातली एखादी गोष्ट तशीच उचलून नव्या गावी न्यावी: तीच तालमीची वेळ, त्याच मित्राला त्याच दिवशी फोन. आणि शक्य असेल तिथे दोन बदल एका महिन्यात घेऊ नयेत. नवी नोकरी लागली म्हणून त्याच आठवड्यात घरही बदलू नये.

लातूरच्या त्या मुलासारखं कुणी घरात असेल तर मनोविकारतज्ज्ञाकडे जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं सोबत न्या. शेऱ्याच्या रकान्यात 'हुशार आहे, पण धांदरटपणा करतो' असं तिसरीपासून दरवर्षी लिहिलेलं असेल, तर बाराव्या वर्षाआधीची लक्षणं शोधणाऱ्या डॉक्टरांना त्या शेऱ्यांचा खरोखर उपयोग होतो. एका कागदावर तारखा लिहा: कधी गाव सोडलं, झोप कधी बिघडली, मित्र कधी तुटले, शेवटचा चांगला महिना कोणता. आणि लहानपणाची माहिती सांगायला आई, मावशी, मोठी बहीण, जिला आठवतंय तिला आत सोबत बसू द्या.